थंडीचा बांध

शोभनाबाईंना थँक्यू हा शब्द मुळीच आवडायचा नाही. शब्दाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं म्हणा. पण अमेरिकेत ॲन आर्बरला लेकीकडे आल्यापासून त्यांनी तो दिवसातून शंभरदा ऐकला होता. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू, दुकानातल्या पोरीला थँक्यू, दार धरून उभा राहील त्याला थँक्यू. "तोंडाची वाफ नुसती," त्या रुचाला म्हणत. "आमच्या काटोलात कोणी उपकार केले तर माणूस बोलत नाही, करून दाखवते."

आणि फेब्रुवारीत, म्हणजे २००८च्या त्या फेब्रुवारीत, करून दाखवण्याची पाळी त्यांच्यावर आलीच.

रुचा युनिव्हर्सिटीत संशोधक. तिचं काम आईला समजावून सांगताना ती म्हणायची, "उत्तरेकडच्या बागा आणि जंगलं आहेत ना, त्यांची हवा बदलतेय. शेतकऱ्यांनी त्या हवेशी कसं जुळवून घ्यायचं, ते आम्ही शोधतो." मग मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, तळ्याकाठच्या चेरीच्या गावांत, महिन्यातून एकदा तिची मीटिंग असायची. त्या खेपेला शोभनाबाई हट्टानं बरोबर गेल्या. घरात बसून बर्फाकडे किती पाहणार? तीस वर्षं संत्र्याची बाग केलेली बाई ती, तिला शेतकरी पाहायचे होते.

शेतकरी पाहिले. वीसेक जण आले, डोनट खाल्ले, रुचाच्या स्लाइड्स पाहिल्या, थँक्यू म्हणाले आणि गेले. शेवटच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेला एक उंच म्हातारा तर तेवढंही बोलला नाही. "हा कोण गं, तोंडात मिठाची गुळणी धरलेला?" शोभनाबाईंनी विचारलं. तो हॅरल्ड नोव्हाक, रुचा म्हणाली. त्याच्या बागेत तिनं गेल्या वर्षी थर्मामीटर लावले होते.

परतीच्या वाटेवर बर्फ सुरू झाला आणि एका वळणावर रुचाची गाडी घसरून सरळ रस्त्याकडेच्या चरात गेली. लागलं कोणाला नाही, पण दार अर्धं बर्फात, फोनला रेंज नाही, आणि शोभनाबाईंच्या पायात कापडी बूट! अर्धा तास झाला तशी त्यांची बोटं बधिर पडली. लेक रडकुंडीला आली. त्यांनी गजाननमहाराजांना हाक मारली, आणि महाराजांनी पाठवला तो मिठाच्या गुळणीवाला. हिरवा जुनाट ट्रॅक्टर घेऊन. साखळी लावली, एक झटका दिला, गाडी वर. बोलला एकच वाक्य, "घरी चला, सूप आहे."

घरी त्याची बायको होती, मार्ज. पासष्टीची, गुबगुबीत, चष्म्याला दोरी बांधलेली. तिनं शोभनाबाईंना शेगडीपाशी बसवलं आणि काही कळायच्या आत स्वतः खाली गुडघ्यावर बसून त्यांचे ओले मोजे काढले, पाय मांडीवर घेऊन टॉवेलनं चोळू लागली. शोभनाबाई "नको, नको हो!" म्हणत राहिल्या. त्यांच्या पायाला असा हात सख्ख्या जावेनंही कधी लावला नव्हता. डोळे भरून आले बाईंचे. सूप मांसाचं निघालं तर मार्जनं हसत हसत ब्रेड भाजला, वर घरचा सफरचंदाचा मुरंबा थापला. निघताना आतल्या खोलीतून लोकरीच्या अस्तराचे गमबूट आणून त्यांच्या पायात घातले. "ठेवून घ्या, माझ्याकडे आणखी आहेत," म्हणाली.

जेवताना हॅरल्डची जीभ थोडी सुटली, रुचा आईला मराठीत सांगत गेली. बाग दोन भागांत होती. वरची टेकाडावर, जुनी, झाडं थोडी. आणि खालची उतारावर, सहाशे झाडं, घर चालायचं ते त्यांच्यावर. पूर्वी मार्चभर बर्फ असायचा, झाडं निवांत झोपून असायची. आता मार्चमध्येच ऊन पडतं, झाडं जागी होतात, फुलांना घाई होते. आणि मे महिन्यात एका पहाटे दव गोठतं की सगळा मोहर काळा. सहा वर्षांपूर्वी गेला, तीन वर्षांपूर्वी गेला, मागल्या वर्षीही गेला.

"म्हणून सहाशे झाडं काढतोय," हॅरल्ड म्हणाला. "एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बुलडोझर येतो. मग हे विकायचं आणि मुलीकडे जायचं, टेक्ससला, फ्रिस्कोत."

"फ्रिस्को?" शोभनाबाई एकदम बोलल्या. "तिथं माझा पुतण्या आहे, अमित. तिथं झाड म्हणजे पार्किंगमधलं! तुम्ही काय करणार तिथं?"

रुचानं ते इंग्रजीत सांगितलं नाही. तिचा चेहरा पडला होता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, त्याला मीच सांगितलं. रिपोर्ट माझाच आहे. खालच्या बागेतली थंडी वरपेक्षा चार डिग्रीनं जास्त आहे, तिथं चेरी तगणार नाही, असं मी लिहून दिलं. डेटा तसाच आहे, मी काय करू?"

शोभनाबाईंनी पायातल्या मार्जच्या बुटांकडे पाहिलं. ज्या माणसानं आपल्याला चरातून काढलं, त्याचं घर आपल्याच पोरीच्या कागदानं मोडायला निघालं! आणि दुसरं एक शल्य होतं, ते लेकीलाही ठाऊक होतं पण दोघी त्यावर बोलत नसत. चार वर्षांपूर्वी, सलग दोन कोरड्या सालांनंतर, काटोलची त्यांची साडेतीनशे संत्र्याची झाडं वाळली. नवऱ्यानं, मोरेश्वररावांनी, करवत लावली. गावातला कृषी सहायक सांगत होता, काकू, एक साल थांबा. कोण ऐकते? आणि पुढल्या साली शेजारच्या बागेतली, तशीच वाळकी दिसणारी झाडं बुंध्यापासून फुटली. मोरेश्वरराव बांधावर उभे राहून ती हिरवी पालवी पाहत राहायचे. दोन वर्षांत तेही गेले. घाई केली शोभना, एवढंच शेवटपर्यंत म्हणायचे.

तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रुचा आपले थर्मामीटर काढून आणायला निघाली, तेव्हा आईसाहेब पर्स भरून तयार.

"पर्समध्ये काय आहे?" रुचानं विचारलं.

"हळद, कुंकू, तांदूळ, नारळ, उदबत्तीचा पुडा."

"आई, प्लीज यार! मार्जची ओटी भरणार आहेस का?"

"तिची तर भरीनच. पण आधी ट्रॅक्टरची पूजा करीन."

रुचानं कपाळाला हात लावला. "अगं, ते लोक काय म्हणतील?"

"काहून? आपण पोळ्याला बैलाला पुजत नाही? दसऱ्याला फावड्याला कुंकू लावत नाही? त्या ट्रॅक्टरनं माझी पोर वर काढली. मी त्याला थँक्यू म्हणून निघून येऊ काय?"

पोचल्या तेव्हा दिवस कलला होता. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, बर्फ जागोजागी विरघळून काळी माती दिसत होती. मार्ज अंगणातून लगबगीनं आली आणि शोभनाबाईंची नजर तिच्या पायांवर गेली. पायात हॅरल्डचे जुने बूट, भलेमोठे, घोट्यापाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. म्हणजे दुसरे बूट नव्हतेच! आहे ती एकुलती जोडी देऊन ही बाई महिनाभर अशी फतक फतक चालत होती. शोभनाबाईंनी पायातले तिचे बूट काढून द्यायला घेतले, तर मार्ज हात हलवत मागे सरली. आता मात्र ही पूजा झाल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ट्रॅक्टर होता खालच्या बागेच्या तळाला. बुलडोझर यायच्या आधी हॅरल्ड तिथले कुंपणाचे खांब उपटत होता. त्याला रुचानं कसंबसं समजावलं की आमच्याकडे अवजारांचे आभार मानायची रीत आहे. हॅरल्डनं टोपी मागे सारली, ट्रॅक्टरकडे पाहिलं. "त्याला आजवर कोणी काही बोललं नाही," म्हणाला आणि बाजूला उभा राहिला.

शोभनाबाईंनी बोनेटवर हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नारळ चाकापुढे ठेवला. उदबत्त्या कुठे लावाव्यात? लोखंडात कुठे खोवायला जागा नाही. मग चार इथे मातीत लावल्या, आणि उरलेला पुडा पेटवून वर झाडांच्या ओळीत ओणवं होत होत खोवत गेल्या. हेही निघालेत बापडे, यांनाही नमस्कार. खाली येऊन हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले.

डोळे उघडले तर धूर वर जात नव्हता.

घरात उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. इथला गुडघ्याएवढा उठायचा, वाकायचा आणि उताराला लागून खाली यायचा. चाळीस उदबत्त्यांचा धूर तो केवढा, पण मावळतीच्या तिरप्या उजेडात त्याची वाट स्वच्छ दिसत होती. ट्रॅक्टरच्या चाकांमधून गेला, पुढे दहा पावलं गेला आणि थांबला. तिथं स्प्रूसची दुहेरी रांग होती, ख्रिसमसला आणतात तसली दाट, जमिनीपर्यंत फांद्यांची झाडं, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली. धूर तिच्यापाशी येऊन नुसता साचत होता.

शोभनाबाई तशाच पुढे गेल्या. रांगेच्या अलीकडे उभ्या राहिल्या. थंडी घोट्यापासून मांडीपर्यंत चढली. फांद्या बाजूला सारून, ओरबाडून घेत पलीकडे गेल्या, तिथं नाला होता, उतार तळ्यापर्यंत मोकळा. तिथं थंडी कमी! त्या परत आल्या त्या ओरडतच.

"रुचा! अगं, हे तुंबून राहिलंय इथं!"

"काय तुंबलंय?"

"थंडी! तीस वर्षं ओलित केलं मी, मला नको शिकवू. पाणी उतारानं येते, पुढे बांध असला की तुंबते, अन् तुंबलेल्या पाण्यात झाड सडते. ही तशीच येऊन राहिली वरून, अन् हा बांध घालून ठेवलाय पुढे. बाग वाईट नाही, बापा! बांध फोडा!"

रुचा धुराकडे पाहत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "थंड हवा जड असते. खाली वाहते. हे मी पोरांना शिकवते, आई." तिचा आवाज बदलला होता. "नकाशावर ही झाडं मी हिरव्या रेघेनं काढली होती. ती किती उंच, किती दाट, ते मी बघितलंच नाही."

तिनं हॅरल्डला सगळं सांगितलं, आणि माझी चूक झाली हेही सरळ सांगितलं. हॅरल्डनं कोठारातून एक बादली आणली, ओलं गवत भरून पेटवली आणि वरच्या टोकाला नेऊन ठेवली. पांढराशुभ्र धूर लोटला, सहाशे झाडांच्या बुंध्यांमधून खाली आला आणि स्प्रूसपाशी येऊन कमरेएवढा साचला. तिघं ते पाहत उभे होते. मार्ज मागून फतक फतक येऊन उभी राहिली.

"सगळी तोडायची गरज नाही," रुचा म्हणाली. "नाल्यासमोरची चौदा तोडली तरी वाट होईल. आडोसा राहील."

"नाही," हॅरल्ड म्हणाला.

मार्जनं रुचाला सांगितलं ते असं. बासष्ट साली लग्न झालं त्या शरद ऋतूत ही रोपं नवराबायकोनं मिळून लावली होती. त्यानं खड्डे घेतले, तिनं रोपं धरली. वीतवीतभर होती तेव्हा, त्यांच्यावरून काय हवं ते वाहून जायचं. बाग काढायला तो तयार होता, पण या रांगेला करवत लावायला त्याचा हात उठेना. शोभनाबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांना काटोलचा बांध दिसत होता.

त्या रुचाला म्हणाल्या, "मी सांगते ते शब्दाला शब्द सांग त्यांना. माझ्या नवऱ्यानं संत्र्याची साडेतीनशे झाडं घाईनं तोडली. मी बाजूलाच उभी होती. एक वर्ष थांबा म्हणायला मला तोंड होतं, मी म्हटलं नाही. आज म्हणते. हॅरल्डभाऊ, एक वर्ष थांबा."

रुचानं सांगितलं. आईच्या तोंडून हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

मार्जनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. "हॅरी, आपण ती बागेसाठी लावली होती," ती म्हणाली. "बाग त्यांच्यासाठी नव्हती लावली."

हॅरल्डनं खूप वेळ नाक पुसलं. मग बुलडोझरवाल्याला फोन करायला घरात गेला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बुलडोझरऐवजी करवत चालली. चौदा झाडं पडली, आणि त्याच कुंकू लावलेल्या ट्रॅक्टरनं ती ओढून बाहेर काढली. खरं सांगायचं तर त्यानंतर सर्वांत जास्त झोप उडाली ती रुचाची. ती म्हणायची, "आई, एका उतारावर, एका वर्षी, काय सांगता येतं? नाही जमलं तर?" शोभनाबाई ठणकावून सांगायच्या, "जमते." आणि पोर बाहेर पडली की देवापुढे बसायच्या. आपल्या शब्दावर दुसऱ्याचं घर टांगलेलं, काय सोपं असतं का ते!

मे महिन्याच्या मध्याला बाग फुलांनी पांढरी झाली. आणि तिसऱ्याच दिवशी कडाक्याच्या थंडीचा इशारा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हॅरल्डचा फोन आला तेव्हा रुचा चहाचा कप हातात धरून फोनसमोरच बसली होती. तिनं ऐकलं, कागदावर दोन आकडे लिहिले आणि फोन खाली ठेवला.

"अगं बोल की! का जीव घेतेस?"

"वर अठ्ठावीस," रुचा म्हणाली. "खाली सत्तावीस. गेल्या वर्षी वर अठ्ठावीस असताना खाली चोवीस होतं, आई. चोवीसला सगळं मरतं. सत्तावीसला थोडी फुलं जातात, बाकीची राहतात." आणि ती आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. शोभनाबाई पण रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "काय तुमचं हे फॅरनहाइट! अठ्ठावीस म्हणजे आमच्याकडे पंखा लावतात." दोघी हसू लागल्या, आणि चहा तसाच गार झाला.

अठरा जुलैचं शोभनाबाईंचं परतीचं तिकीट होतं. आदल्या रविवारी त्या निरोप घ्यायला वर गेल्या. बरोबर शिरा नेला होता, आणि मार्जसाठी नव्या गमबुटांची जोडी. जुनी जोडी मात्र त्यांनी स्वतःच्या बॅगेत भरली होती. काटोलात बर्फ पडत नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

खालची बाग लालेलाल झाली होती. नेहमीपेक्षा थोडं कमी, हॅरल्ड म्हणाला, पण झाडं लगडली होती यात शंका नाही. स्प्रूसच्या रांगेत जिथं खिंडार पडलं होतं, तिथून आता तळ्याचं निळं पाणी दिसत होतं. मार्जनं सांगितलं की गेली तीसेक वर्षं बागेतून तळं दिसत नव्हतं, आणि आता हॅरी रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसतो. गावातले आठ शेतकरी धुराची बादली बघून गेले होते. डोनट न खाता, रुचा म्हणाली.

कोठारापुढे ट्रॅक्टर उभा होता, धुऊन पुसून लख्ख. बोनेटवर लाल बोटाचा ठसा. शोभनाबाई जवळ गेल्या. कुंकू नव्हतं, चेरीचा रस होता. बाजूला चार दाणे तांदळाचे, आणि चाकापुढे नारळ मिळाला नसेल म्हणून एक खरबूज!

"बरोबर केलं का?" मार्जनं विचारलं. तिचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

शोभनाबाईंनी मान डोलावली. मग मार्जची ओटी भरायला आणलेले तांदूळ तसेच हातात राहिले आणि त्यांनी तिला मिठी मारली.

हॅरल्ड खाकरला. "एक विचारायचं होतं," तो रुचाला म्हणाला. "त्या दिवशी तुझी आई ट्रॅक्टरशी काहीतरी बोलली. डोळे मिटून. काय म्हणाली?"

रुचालाही ते ठाऊक नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं.

"काही नाही," शोभनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "म्हटलं, तू माझ्या लेकीला बाहेर काढलंस. आता या दोघांनाही काढ बाबा."

रुचानं ते इंग्रजीत सांगितलं. हॅरल्डनं टोपी काढली, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. थँक्यू काही तो म्हणाला नाही. आत जाऊन एक लांब दांड्याचं फावडं घेऊन आला. दांडा हाताला घासून घासून काळा पडलेला.

"बासष्ट साली याच फावड्यानं खड्डे घेतले होते," तो म्हणाला. "विमानात दांडा नेऊ देतील की नाही माहीत नाही. पातं तरी न्या. तुमच्याकडे संत्र्याचे खड्डे घ्यायचे आहेत ना?"

शोभनाबाईंनी तर कोणाला तसं सांगितलं नव्हतं. मनात मात्र मे महिन्यातल्या त्या फोनपासून तेच चाललं होतं. त्यांनी फावडं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं.

"साडेतीनशे," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला याला कुंकू लावून फोटो पाठवते, हॅरल्डभाऊ."